बंद डोळ्याची वाटी

दोन हजार अठरा साल. मी सदुसष्ट वर्षांचा होतो. तोवर माझ्या हातून बिघडलेली वस्तू कुणी पाहिली नव्हती. बिघडली नव्हती असं नव्हे — पाहिली नव्हती. हा फरक तेवढा ध्यानात ठेवा.

हे मी बायकोला सांगितलं नाही, आणि ती गेली. ज्याच्या पट्टरैत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, पन्नासावर वर्षं बसलो त्या आसारीला, तिथल्या मुख्य कारागिराला, सांगितलं नाही. देवाला सांगायचं म्हणून दोनदा गेलो, आणि नुसती प्रदक्षिणा घालून परत आलो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझा चेहरा बघितलेला नाही.

आणखी एक कारण आहे. ते आत्ताच सांगून टाकतो, मागाहून धीर व्हायचा नाही. मी हे मराठीत, बाळबोध अक्षरांत लिहितो आहे. घरात आम्ही मराठीच बोलतो. तंजावरच्या राजांच्या मागून आलेली माणसं आम्ही. आमची भाषा ऐकून पुण्याकडचा एक यात्रेकरू कुंभेश्वराच्या दारात खुदकन हसला होता, जणू त्याच्या खापरपणजोबानं तोंड उघडलं. पण बोलणं वेगळं, अक्षरं वेगळी. मला अक्षरं वडिलांनी भजनाच्या वहीवरून शिकवली. माझ्या नातीला ती येत नाहीत. ती तमिळ वाचते, इंग्रजी वाचते. हा कागद उद्या तिच्या हाती पडला तरी तिला तो वाचता येणार नाही.

कळलं? कबूल करतानासुद्धा मी कुठल्या कोपऱ्यात उभा आहे ते बघा.

तर — माझ्या कामाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. (की मी उशीर करतो आहे? करतही असेन.) शाळा मी पाचवीत सोडली. मास्तरांनी उगाच मारलं, मी म्हटलं आता येणार नाही, आणि गेलो नाही. बापानं हात जोडले, तरी गेलो नाही. स्वामीमलैच्या पट्टरैत जाऊन बसलो. रायराचा मुलगा पोथी सोडून छिन्नी धरतो म्हणून गावात हसले. इकडे आम्हा मराठी ब्राह्मणांना रायर म्हणतात. मी हसू दिलं. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीचा गाळ लिंपायचा, तापवून मेण काढून टाकायचं, त्या पोकळीत धातू ओतायचा. हे आसारीचं आणि त्याच्या भावांचं काम. मातीचं कवच फोडल्यावर जे काळं, ओबडधोबड बाहेर येतं त्याला कानस लावून, छिन्नीनं कोरून, बोटांची नखं, डोळ्यांच्या पापण्या काढायच्या — ते माझं.

आता कधीकधी ओततेवेळी धातूत हवा अडकते. वरून काही दिसत नाही. कानस चालवता चालवता एकदम भोक उघडतं. त्याचा आमच्यात एक नेम आहे. मूर्ती कुणाच्या दिवाणखान्यात जायची असेल, तर भोक साफ करून त्याच धातूची खुंटी ठोकायची, वर घासायचं. शंभर वर्षं कळत नाही. पण मूर्ती पुजेची असेल तर भोक दडवायचं नाही. आसारीला हाक मारायची, दाखवायचं, आणि सगळी मूर्ती परत मुशीत घालायची. मग तिच्यावर महिनाभर डोळे फोडलेले असोत. पुजेची की दिवाणखान्याची — एवढंच विचारायचं असतं.

मी तेच विचारलं. आणि उत्तर चुकीचं दिलं.

शारदा माझ्या मुलीची मुलगी. बाप लवकर गेला, माझ्याच घरात वाढली. तिला लहानपणापासून आकाशाचं वेड. मी सकाळी तळ्यावर सूर्याला अर्घ्य द्यायला उभा राहिलो की ही शेजारी उभी राहून विचारायची, आजा, तो आतून कसा असेल? मी सांगायचो, हात पोळेल असा. ती शिकत शिकत पुढं गेली, आणि एका कॉलेजात तिला आणि आणखी काही मुलांना एक उपग्रह बनवायला मिळाला. उपग्रह म्हणजे मला वाटलं, रथाएवढा असेल. तिनं हातानं दाखवला. तीन मजली जेवणाच्या डब्याएवढा! मोठ्या यानाबरोबर अंगावरच्या पिसूसारखा वर जायचा आणि पृथ्वीभोवती फिरत सूर्याकडे बघायचा.

त्याला दोन डोळे होते. एक उघडा. तो सूर्याचे भडके बघणार, जे क्षकिरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत ते मोजणार. दुसरा डोळा बंद. जाड धातूच्या वाटीत चहूबाजूंनी कोंडलेला.

मी म्हटलं, "बंदच ठेवायचा तर डोळा कशाला हवा गे?"

ती स्वयंपाकघरात माझ्यापुढं मांडी घालून बसली. म्हणाली, जगात जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट न दिसणारं काहीतरी आहे. त्याच्या ओढीनं तारे जागेवर राहतात, पण ते स्वतः कुणाला सापडत नाही. ते भिंतीतून जातं, डोंगरातून जातं, आपल्या अंगातून आत्ता जात असेल. सूर्याजवळ त्यातलं काही साचलं असेल, किंवा सूर्याच्या पोटातून तसलंच काही निघत असेल. सूर्याचं ऊन, त्याचे किरण वाटीच्या बाहेर अडतील. मग सूर्याकडे तोंड केल्यावर बंद डोळ्याला जर काही लुकलुकलं, आणि तोंड फिरवल्यावर थांबलं — तर ते कशालाही न अडणारंच असेल. "म्हणून ती वाटी पक्की हवी, आजा. जराही फट नको."

कॉफीच्या पेल्याखाली ठेवतात तेवढीच वाटी, पण जाड, आणि एका अंगाला धोतऱ्याच्या फुलासारखी वाकडी मान. त्यांच्या सरांनी ती यंत्रावर करून घेतली होती. पण मान वाकडी असल्यानं ती दोन तुकड्यांची, मधे सांधा. शारदा म्हणाली, माझे आजा एकसंध ओतून देतील.

सर पट्टरैत आले. चांगला माणूस, खोटं का बोलू. बूट बाहेर काढून आत आले. सगळं बघितलं, आणि मला विचारलं, "अय्या, शिक्षण किती?"

"पाचवी. तीसुद्धा अर्धी."

ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, "हे देवाचं काम नव्हे हो. देव सांभाळून घेतो. हे मापाचं काम आहे."

आसारी मागून ओरडला, "सर, रायरांचं माप चुकलं तर मापपट्टी बदलून आणा!" सगळे हसले. मीही हसलो. पण सरांचं ते वाक्य माझ्या घशात काट्यासारखं बसलं. अजून आहे.

आम्ही वाटी ओतली. शारदानं कागदावर लिहून दिलं होतं तेवढं तांबं, तेवढं जस्त. पहिली टाकून दिली, दुसरी टाकून दिली, तिसरी — काय सांगू तुम्हाला, टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखी बोलली. कॉलेजात तिच्या आरपार किरण टाकून बघितले. कुठं फट नाही. तसा कागद झाला, त्यावर सह्या झाल्या. सरांनी फोनवर मला दोनदा "सबाष" म्हटलं. त्यांची दोन तुकड्यांची वाटी कपाटात गेली.

आणि मग वाटी परत आली. वजन अकरा ग्रॅम जास्त होत होतं. बाहेरून, बुडाशी जिथं जाडी आहे तिथं, थोडी कानस मारून द्या, म्हणाले. दुसऱ्या दिवशी हवी.

सात ग्रॅम गेले तेव्हा भोक उघडलं.

तिळाएवढं तोंड. मी सुई घातली. तिरकी गेली, आणि जातच राहिली. आतल्या अंगाला केसाएवढा पापुद्रा उरला असेल, तेवढाच. किरण टाकून बघितलं तेव्हा ते कसं दिसलं नाही? तिरकं होतं म्हणून असेल, बुडाच्या जाडीत लपलं असेल. मला नाही ठाऊक. मला जे ठाऊक होतं ते एवढं — मी आसारीला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

खुंटी ठोकता येत नव्हती, पापुद्रा फुटला असता. मग मी लाख पातळ केली. तिच्यात त्याच धातूचा कीस कालवला, भोकात भरला. वर धातूचा पातळ पत्रा बसवून घोटला, घोटला, चिंचेनं धुतला. उरलेलं जादा वजन दुसऱ्या अंगाला कानसून काढलं. वजन केलं. बरोबर उतरलं. लाख हलकी असते ना!

लाखेला ऊन सोसत नाही, हे मला माहीत नव्हतं का? पोरासोरांना माहीत असतं. आमच्या मूर्ती गाभाऱ्यात सावलीत बसतात. ही वाटी सूर्यापुढं जाऊन उभी राहणार होती. पण मी त्या वेळी स्वतःला काय सांगितलं ते सांगतो. म्हटलं, ही काही पुजेची नव्हे. कोण बघायला जातो आहे वर?

आणि लक्षात घ्या, मी बोललो असतो तर कुणाचं काही अडत नव्हतं. ती दोन तुकड्यांची वाटी कपाटात तयार होती. एक फोन. माझी वाटी गेली नसती, एवढंच झालं असतं. सरांचं ते वाक्य खरं ठरलं असतं, एवढंच.

पुढच्या साली ते वर गेलं. फोनवर सगळ्या गल्लीनं बघितलं. एका तमिळ पेपरवाल्यानं येऊन माझा फोटो काढला, हातात पहिली टाकून दिलेली वाटी धरून. आसारीनं तो चौकटीत घालून भट्टीच्या वरच्या भिंतीला लावला. बायको म्हणाली, "वर आकाशात ह्यांची वाटी फिरते, आणि माझ्या घरातला तांब्या सहा महिने गळतोय." मी हसलो. तांब्या तसाच राहिला.

चार महिन्यांनी बंद डोळा लुकलुकला.

शारदाचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. सूर्याकडे तोंड केलं की लुकलुकतं, फिरवलं की थांबतं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. आजा, आजा, एवढंच म्हणत होती. — मला तेव्हाच कळलं होतं का? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तर आठवणीतून येतं की सवयीतून, समजत नाही. पण फोन बंद झाला तरी मी तो कानालाच धरून होतो, हे पक्कं. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आनंद झाला.

सर म्हणत होते, थांबू, अजून तपासू. पण पोरं थांबतात का? मोठ्या शहरात मोठी सभा होती. तिथं शारदा उभी राहिली, पडद्यावर चित्रं दाखवली. शेवटी एक म्हातारे शास्त्रज्ञ उठले. त्यांनी उघड्या डोळ्याची रेघ मागितली आणि बंद डोळ्याची रेघ तिच्यावर ठेवली. सूर्यावर भडका उठला की दोन्ही रेघा एकाच जागी वर. म्हणजे न दिसणारं वगैरे काही नाही; साधे सूर्याचे किरण कुठून तरी आत शिरत होते. ते कुणाला रागावले नाहीत. "बाळ, तुमच्या डबीला फट आहे," एवढंच म्हणाले. सभेत कुणीतरी हसलं, असं तिनं मला सांगितलं. कोण ते तिला दिसलं नाही.

मग फट कुठं, याचा शोध. वाटी तपासलेली, तसा कागद आहे. उरला सांधा — वाटी आणि झाकण यांच्यामधला. तो शारदानं आवळला होता.

एका रविवारी ती घरी आली. दुपारचे चार झाले असतील. बायको आत कॉफी गाळत होती. शारदा ओट्यावर माझ्याजवळ बसली आणि सांगू लागली, तिनं प्रत्येक स्क्रू तीन वेळा आवळला होता, मोजणाऱ्या पान्यानं, वहीत टिपून. मग कसं झालं? बोलता बोलता थांबली.

"आजा, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"वजन कमी करताना वाटीत काही दिसलं होतं का? बारीकसं भोक वगैरे?"

हे बघा, इथंपर्यंत मी जे सांगितलं ते मी कदाचित आसारीलाही सांगू शकलो असतो. कारागीर आहे, भोक बुजवलं, चुकलं. पुढचं मात्र —

मी उठून उभा राहिलो. मोठ्यानं म्हटलं, "माझ्या हाताला भोक दिसलं नसतं? पन्नास वर्षं! त्या तुझ्या सरांनी पाठवलं का तुला हे विचारायला?"

आतून बायको म्हणाली, "शारदे, आज्याला असं विचारतात का गे?"

पोरगी रडायला लागली. खाली वाकली आणि तिनं माझ्या पायांवर हात ठेवले. "चुकलं माझं, आजा." मी पाय मागं घेतले नाहीत. तिला वाकलेलंच ठेवून मी आणखी बोललो. ते ऐका. मी म्हटलं, "सांधा तूच आवळलास ना? लहानपणापासून तुझी घाई. तेलाच्या बाटलीचं झाकणसुद्धा तुझ्याकडून कधी नीट लागलं नाही."

तिनं माझ्या पायांवरचे हात काढून घेतले. मग हळू म्हणाली, "हो. त्या दिवशी मी जरा घाईतच होते."

नव्हती हो ती घाईत! आत्ताच तर सांगत होती — तीन वेळा, वहीत टिपून. माझ्या एका वाक्यानं तिनं स्वतःची आठवण बदलली. मी बघत होतो. तिच्या तोंडावर ती घाई येताना मी बघितली.

आज ती इथंच असते. एका शिकवणीच्या वर्गात पोरांना गणित शिकवते. सरांनी दोनदा बोलावलं, ती गेली नाही. म्हणते, माझ्या हाताचा भरवसा नाही. तिच्याबरोबरची दोन मुलं परदेशात आहेत, तसल्याच लहान डब्या बनवतात, सूर्याकडे लावतात. न दिसणारं ते अजून कुणाला सापडलेलं नाही. आमची डबी खाली येता येता हवेत जळून गेली म्हणे. वाटीही गेली, लाखही गेली. चार वाजता शारदा मला कॉफी आणून देते. देण्याआधी गॅसची कळ बंद आहे ना ते बघून येते. दोनदा बघते. आधी ती तशी नव्हती.

सकाळी मी अजून तळ्यावर जातो. ओंजळीत पाणी घेतो, मान खाली घालून सोडतो, वर न बघता परत येतो. पट्टरैत माझा फोटो भट्टीच्या वर तसाच आहे. काढा म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागेल.

त्या रविवारचं राहिलं. फट आपल्या चुकीनं राहिली, असा कागद लिहून शारदानं बरोबर आणला होता. सोमवारी दहा वाजता कॉलेजात जाऊन तिला त्यावर सही करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्घ्य दिलं. तिची पिशवी मीच उचलली. बसस्थानकावर तिला खिडकीजवळची जागा धरून दिली, पाण्याची बाटली आत दिली. तिनं माझ्याकडे बघत बाटलीचं झाकण आवळलं. मग पुन्हा आवळलं. बस निघाली. मी स्वामीमलैची बस धरली आणि कामाला बसलो. पुढ्यात एक अम्मन, देवीची मूर्ती होती, देवळात बसवायची, तीन आठवड्यांचं काम झालेलं. केसांच्या गाठीखाली कानस फिरवताना भोक उघडलं. मी आसारीला हाक मारली, दाखवलं, म्हटलं, पुजेची आहे, वितळवा. आसारीनं सगळ्यांना गोळा केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघा रे, रायरांकडून शिका." भिंतीवरच्या घड्याळात दहाला थोडा वेळ होता. मी मान हलवली, आणि भट्टी पेटवायला सांगितलं.